‘कॅन्सरवर औषध सापडलं!’ : वैद्यकीय संशोधनाच्या बातम्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मराठी दैनिकाच्या आरोग्य पुरवणीच्या डेस्कवर मी अकरा वर्षं होते. नोकरी सोडली तरी लोकांचे फोन थांबले नाहीत. कोणी कात्रणाचा फोटो पाठवतं, कोणी फॉरवर्ड पाठवून विचारतं, ‘हे खरं आहे का हो?’ प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

संशोधनाच्या बातम्या खोट्या असतात का?

बहुतेक नसतात. बातमीतलं एकेक वाक्य तपासलं तर खरं निघतं आणि तरीही वाचणारा चुकीची गोष्ट समजून उठतो. वाक्याला जोडलेली अट वाटेत गळालेली असते, म्हणून असं होतं. औषध कोणाला दिलं, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, किती जणांना, कशाच्या तुलनेत, या त्या अटी.

जून २०२२मध्ये वाहिन्यांच्या पट्टीवर, पेपरांत आणि मग आठवडाभर प्रत्येक फोनवर एकच बातमी होती : कर्करोगावर औषध सापडलं, सगळे रुग्ण शंभर टक्के बरे, इतिहासात पहिल्यांदाच. औषधाचं नाव डोस्टारलिमॅब. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातला अभ्यास ५ जूनला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला होता. अभ्यास अस्सल होता आणि निकाल थक्क करणारा होता. बारा रुग्णांना दर तीन आठवड्यांनी, सहा महिने औषध दिलं आणि बाराही जणांच्या तपासण्यांत गाठ दिसेनाशी झाली. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन काहीच लागलं नाही.

आता अटी. सगळ्यांना गुदाशयाचा कर्करोग होता. तो शरीरात दूरवर पसरलेला नव्हता. आणि प्रत्येकाच्या गाठीत पेशींची एक विशिष्ट यंत्रणा, डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी, बिघडलेली होती. गुदाशयाच्या कर्करोगातही असे रुग्ण शंभरात पाच ते दहा. बाकीच्या नव्वदांना हे औषध असा चमत्कार दाखवेल असं अभ्यासकांनी म्हटलेलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात बार्शीकडून एका बाईंचा फोन आला. यजमानांना स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतात पसरलेला. ‘ताई, ते औषध मुंबईत मिळेल का? दोन एकर आहे, विकायची तयारी आहे आमची.’ ते औषध त्यांच्या आजारासाठी नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. नंतर बराच वेळ फोनवर आवाजच आला नाही. मथळ्यात ‘गुदाशयाच्या’ हा एक शब्द असता, तर त्या माउलीला तो फोन करावा लागला नसता. मी हे सगळं लिहायला बसले ते त्या फोनमुळे.

याच गटाने २०२५मध्ये अशाच ४९ रुग्णांचे निकाल दिले आणि त्या सगळ्यांत गाठ नाहीशी झाली होती. म्हणजे शोध मोठाच आहे. अट लागते ती त्याची लाभार्थी माणसं ओळखण्यासाठी.

मग ही अट नेमकी कुठे गळते?

एका ठिकाणी नाही. शोधनिबंधाचा सारांश, विद्यापीठाचं प्रसिद्धिपत्रक, वृत्तसंस्थेची कॉपी, डेस्कवरचं भाषांतर, मथळा, यूट्यूबचं थंबनेल, फॉरवर्ड. प्रत्येक मुक्कामी थोडं थोडं गळतं.

लोकांना वाटतं, सगळं पत्रकार बिघडवतात. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. ब्रिटनच्या वीस नामवंत विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं त्यांनी मूळ शोधनिबंधांशी आणि छापून आलेल्या बातम्यांशी ताडून पाहिली. प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांना लावून टाकण्याचा प्रकार ३६ टक्के पत्रकांतच होता. नुसता संबंध दिसला असताना ‘कारण’ सांगून टाकणं ३३ टक्क्यांत. प्राण्यांवरून माणसांवर उडी पत्रकानेच घेतली असेल, तर ८६ टक्के बातम्यांतही ती दिसली. पत्रकाने घेतली नसेल, तर फक्त १० टक्के बातम्यांत. अतिशयोक्तीचा मोठा भाग विद्यापीठाच्या दारातूनच निघतो, आणि ते पत्रक बहुतेक वेळा संशोधकाने स्वतः वाचून मंजूर केलेलं असतं.

डेस्कवर काय होतं ते माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. संध्याकाळी वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी येते, सहाशे शब्दांची. पानावर जागा असते दीडशे शब्दांची चौकट. बातमी नेहमी शेवटून कापायची, हा डेस्कचा पहिला धडा. कारण बातमीत महत्त्वाचं ते वर लिहितात. संशोधनाच्या बातमीत मात्र ‘हा अभ्यास उंदरांवर झाला’, ‘रुग्णसंख्या कमी होती’, ‘खर्च औषध कंपनीने केला’ ही वाक्यं शेवटच्या परिच्छेदात बसलेली असतात. म्हणजे कात्री पहिल्यांदा तिथेच चालते. कोणी कट करून ती वाक्यं काढत नाही. जी सवय रस्ता अपघाताच्या बातमीला योग्य आहे, ती इथे घात करते.

मूळ निबंध कोणी वाचत नाही का? आमच्या डेस्कवर अकरा वर्षांत तो क्वचित कोणी उघडलेला मी पाहिला. मीही सुरुवातीची चार-पाच वर्षं उघडत नव्हते. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणजे पत्रकारांचा दोष नाही?

आहे. पत्रक फुगवलेलं असलं तरी एक फोन करून बाहेरच्या तज्ज्ञाला विचारता येतं. तो फोन होत नाही.

मराठीत आणताना आणखी काय बिघडतं?

बरंच बिघडतं, आणि यावर आपल्याकडे जवळपास कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शोधनिबंध म्हणतो, अमुक आणि तमुक यांच्यात संबंध आढळला. दोन गोष्टी बरोबरीने दिसल्या, इतकंच. मराठीत त्याचं ‘मुळे’ होतं. ‘रात्री उशिरा जेवल्यामुळे मधुमेह’. त्या ‘मुळे’ने संबंधाचं कारण करून टाकलं. मथळ्यात तेवढीही जागा नसली की ‘ने’ येतो : ‘कॉफीने हृदयविकार टळतो’. आपल्या भाषेत कार्यकारणाचे हे प्रत्यय इतके छोटे आणि सोयीचे आहेत की हात आपोआप तिकडेच जातो. ‘कॉफी पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळला’ हे वाक्यही मराठीच आहे आणि खरं आहे. फक्त ते लांब आहे.

दुसरा शब्द ‘लक्षणीय’. इंग्रजीतल्या ‘सिग्निफिकंट’साठी आम्ही सगळे डोळे मिटून तो वापरत आलो. संख्याशास्त्रात त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ एवढाच की, खरा फरक काहीच नसता तर योगायोगाने इतका फरक दिसणं अवघड होतं. फरक मोठा की छोटा, हे तो शब्द सांगतच नाही. हजारो लोकांच्या अभ्यासात दोनशे ग्रॅम वजन घटलं तरी ते ‘सिग्निफिकंट’ ठरू शकतं. ‘वजनात लक्षणीय घट’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र पाच किलो येतात.

तिसरा ‘धोका’. मूळ शब्दाला ‘जोखीम’ जवळचा आहे. जोखीम कमी असते, जास्त असते, मोजता येते. ‘धोका’ म्हटलं की समोर लाल पाटी येते.

आणि ‘बरे झाले’. गाठ आकसली, दिसेनाशी झाली, याला डॉक्टर ‘प्रतिसाद’ म्हणतात. मराठीत यासाठी किती नेमका शब्दप्रयोग आहे : आजार औषधाला दाद देतो. आपल्या आज्या-पणज्या हेच म्हणायच्या, ‘ताप औषधाला दाद देईना’. दाद देणं आणि बरं होणं यात फरक आहे, हे प्रत्येक मराठी घराला कळतं. तरी मथळ्यात ‘दाद’ येत नाही, ‘शंभर टक्के बरे’ येतं.

‘होऊ शकतं’मधलं ‘शकतं’ तर पहिल्या घासालाच जातं. त्याची जागा ‘संशोधकांचा दावा’ घेतो. तो लिहिला की आपली जबाबदारी संपली असं डेस्कला वाटतं.

‘धोका दुप्पट’ असं वाचलं की घाबरायला होतं. किती घाबरावं?

दुप्पट म्हणजे कितीची दुप्पट, हे विचारल्याशिवाय अजिबात घाबरू नये.

ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पायांत किंवा फुप्फुसांत रक्ताची गुठळी होण्याची जोखीम दुप्पट होते. बातमी सगळीकडे झळकली आणि अनेक बायकांनी गोळ्या बंद केल्या. दुप्पट खरंच होती : जुन्या गोळ्यांवर सात हजारांत एक, नव्या गोळ्यांवर सात हजारांत दोन. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळी होण्याची जोखीम त्या गोळीपेक्षाही जास्त असते. मला विचाराल तर फुगवलेल्या आकड्याने काय होतं याचं याहून वाईट उदाहरण नाही, कारण त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तसंच २०१५चं प्रक्रिया केलेल्या मांसाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेकन, सॉसेज यांना तंबाखूच्याच ‘गट १’मध्ये घातलं आणि ‘सॉसेज सिगारेटइतकंच घातक’ असे मथळे झाले. ही गटवारी पुरावा किती पक्का आहे ते सांगते. घात किती मोठा होतो, ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम १८ टक्क्यांनी वाढते, हा आकडाही तुलनेचाच. ब्रिटनच्या कर्करोग संस्थेने तो माणसांत मोडून दाखवला : असं मांस सगळ्यात कमी खाणाऱ्या हजार जणांत आयुष्यभरात ५६ जणांना हा कर्करोग होतो, सगळ्यात जास्त खाणाऱ्या हजारांत ६६ जणांना. हजारामागे दहा. हे वाचून कोणी सॉसेज कमी केलं तर चांगलंच आहे, पण सिगारेटशी त्याची बरोबरी करू नये.

‘उंदरांवरचा प्रयोग यशस्वी’ म्हणजे औषध किती वर्षांत येईल?

बहुतेक वेळा येतच नाही.

१९७९ ते १९८३ या काळात जगातल्या आघाडीच्या विज्ञान नियतकालिकांत, उपचाराची मोठी आशा दाखवणारे १०१ शोध प्रसिद्ध झाले होते. वीस वर्षांनी त्यांचा माग काढला गेला. औषध म्हणून परवाना मिळाला तो पाचांना, आणि मोठ्या प्रमाणावर वापरात आलं ते एकच.

मे १९९८मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बोस्टनच्या ज्युडा फोकमन यांच्या प्रयोगांची बातमी आली. गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या दोन प्रथिनांनी उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या होत्या. ती प्रथिनं बनवणाऱ्या कंपनीचा बारा डॉलरच्या आसपासचा शेअर दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशीवर उघडला. कर्करोग तज्ज्ञांचे फोन खणखणत राहिले. फोकमन स्वतः सांगत होते की, तुम्ही उंदीर असाल तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो. अमेरिकेत ती दोन प्रथिनं औषध म्हणून आजही मंजूर नाहीत.

पण आपल्या टाटा रुग्णालयातले मोठे डॉक्टर सांगतात तेव्हा तरी विश्वास ठेवायचा ना?

माणसावर ठेवा. वाक्य मात्र पूर्ण ऐका.

फेब्रुवारी २०२४मध्ये टाटा मेमोरियलचे ज्येष्ठ शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका वाहिनीला मुलाखत दिली आणि ‘कॅन्सर पुन्हा होऊ न देणारी शंभर रुपयांची गोळी’ ही बातमी घरोघरी गेली. गोळी रेझ्व्हेराट्रॉल (द्राक्षांसारख्या वनस्पतींत सापडणारं द्रव्य) आणि तांबं यांची. त्यामागची कल्पना अशी : मरणाऱ्या कर्कपेशी क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांचे, कण रक्तात सोडतात, ते निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवू शकतात आणि ही गोळी त्या कणांचा नाश करते. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं हे अनेक वर्षांचं काम आहे आणि कल्पना म्हणून ती फार वेधक आहे.

त्याच मुलाखतीत डॉ. बडवे यांनी सांगितलं होतं की, उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का हे उंदरांवर आणि माणसांवरही पाहिलं आहे, पण कर्करोग परत येण्याला आळा बसतो का हे फक्त उंदरांवर पाहिलं आहे आणि माणसांवरच्या चाचण्यांना पाचेक वर्षं लागतील. अट त्यांनी स्वतः सांगितली होती. मथळ्यात ती आली नाही. तरीही मला वाटतं, इतक्या मोठ्या संस्थेने किंमत आणि बाजारात येण्याचा महिना सांगण्याआधी माणसांवरच्या निकालाची वाट पाहायला हवी होती. ज्या रुग्णांचं ऐकायचं वय आणि बळ संपत आलेलं असतं, ते किंमत ऐकतात आणि तिथेच थांबतात.

कोरोनाच्या काळात रोज एक नवं औषध यायचं. त्याचं पुढे काय झालं?

हा प्रश्न लोक आजही विचारतात याचं मला समाधान वाटतं, कारण पेपरांनी याची उत्तरं कधी नीट दिली नाहीत.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. मार्च २०२०, फ्रान्समधल्या मार्सेचा ३६ रुग्णांचा अभ्यास. त्यावरून जगभर बातम्या झाल्या आणि आपल्याकडे दुकानांतून गोळ्या संपल्या. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) आणि संधिवाताचे रुग्ण, ज्यांना ती गोळी रोज लागते, ते दुकानं पालथी घालत फिरले. जूनमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या हजारो रुग्णांच्या चाचणीने दाखवलं की, रुग्णालयातल्या कोरोना रुग्णांना तिचा काही उपयोग होत नाही. मार्सेचा तो निबंध शेवटी डिसेंबर २०२४मध्ये मागे घेतला गेला.

फॅव्हिपिरावीर. ही मुंबईची गोष्ट. जून २०२०मध्ये ग्लेनमार्क कंपनीच्या फॅबीफ्लू या फॅव्हिपिरावीरच्या गोळीला सौम्य आणि मध्यम कोरोनासाठी आणीबाणीची मर्यादित मंजुरी मिळाली, आणि ‘कोरोनावर औषध आलं, एक गोळी १०३ रुपये’ अशी पहिल्या पानाची बातमी झाली. एक गोळी पुरते असं किती जणांना वाटलं असेल! पूर्ण कोर्स १२२ गोळ्यांचा, म्हणजे साडेबारा हजारांच्या घरात. स्वतः एमबीबीएस असलेले शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी किमतीबद्दल आणि दाव्यांबद्दल तक्रार केली. औषध महानियंत्रकांनी जुलैमध्ये कंपनीकडे खुलासा मागितला. त्याच महिन्यात गोळी ७५ रुपयांवर आली. दीडशे रुग्णांच्या चाचणीचा निबंध नंतर प्रसिद्ध झाला. मुख्य प्रश्न होता, विषाणू लवकर जातो का? गोळी घेणाऱ्यांत पाच दिवस, न घेणाऱ्यांत सात दिवस, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतपतच होता. लक्षणं काहीशी लवकर कमी झाली, हेही त्यात आहे. पहिल्या पानाच्या बातमीला उत्तर म्हणून हा निबंध कुठे छापून आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

प्लाझ्मा, म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव. जून २०२०च्या अखेरीस महाराष्ट्राने ‘प्रोजेक्ट प्लॅटिना’ सुरू केला, तो जगातला सर्वांत मोठा प्लाझ्मा प्रयोग म्हणून. तिकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ३९ रुग्णालयांतली ४६४ रुग्णांची चाचणी चालू होती. तिचा निकाल असा : आजार बळावण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के. हे ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आलं. एप्रिल २०२१च्या लाटेत तरी प्रत्येक ग्रुपवर ‘ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा आहे, तातडीने’ हेच होतं. मे २०२१मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढला.

रेमडेसिवीरचा अनुभव तर कोणत्या घराला नाही? ज्या इंजेक्शनासाठी लोकांनी पुण्या-नागपुरात रात्रभर रांगा लावल्या, दागिने मोडले, त्याने रुग्णालयातल्या रुग्णांचे मृत्यू टळण्यात फारसा फरक पडत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तीस देशांतल्या चाचणीने सहा महिने आधी सांगितलं होतं. पुढे २०२२मध्ये संघटनेनेच त्याची शिफारस केली, पण अटी घालून : आधी आजार तीव्र नसलेल्या पण जोखीम जास्त असलेल्यांना, नंतर तीव्र आजारातही, मात्र अत्यवस्थ रुग्णांना नाही. अट पाळली तर औषध, नाहीतर नुसता खर्च.

आयुर्वेदिक औषधांच्या संशोधनालाही हेच निकष लावायचे का?

हो, तेच. किती जणांवर, कोणत्या टप्प्यावर, कशाच्या तुलनेत. जून २०२०मध्ये पतंजलीने ‘कोरोनिल’ने सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे होतात असं जाहीर केलं. चाचणी शंभरेक जणांची आणि तीही लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य रुग्णांची, जे बहुतेक औषधाविनाही बरे होत होते. आयुष मंत्रालयाने जाहिरात थांबवायला सांगितली. फेब्रुवारी २०२१मध्ये त्याला जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र असल्याच्या बातम्या झाल्या. संघटनेने आपण कोरोनासाठी कोणतंही पारंपरिक औषध तपासलेलं वा प्रमाणित केलेलं नाही असं स्पष्ट केलं. आयुर्वेदावर मनापासून विश्वास असणाऱ्यांनी तर हे प्रश्न जास्त आग्रहाने विचारावेत असं मला वाटतं. चांगली चाचणी झाली तर फायदा त्याच औषधांचा आहे.

नियतकालिकात छापून आलं म्हणजे सिद्ध झालं ना?

नाही. सुरुवात झाली.

१९९८मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या मातब्बर नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांचा बारा मुलांवरचा निबंध आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते अशी भीती पसरली. निबंध मागे घेतला गेला तो २०१०मध्ये, बारा वर्षांनी. ती भीती अजून गेलेली नाही; आपल्याकडे गोवर-रुबेलाच्या मोहिमेतही शाळांत पालकांनी हाच प्रश्न विचारला होता.

आणि सगळीच नियतकालिकं ‘लॅन्सेट’ नसतात. २०१५मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने जर्मन माहितीपटकारांबरोबर मुद्दाम एक कच्चा अभ्यास केला : पंधरा माणसं, एकवीस दिवस, अठरा वेगवेगळी मापं. इतकी मापं घेतली की एखाद्यात तरी योगायोगाने फरक दिसणारच. दिसला तो वजनात. ‘चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर घटतं’ हा निबंध पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात आला, तिथून जर्मनीच्या ‘बिल्ड’मध्ये आणि पुढे अनेक देशांत. किती जणांवर प्रयोग केला, हे त्याला जवळजवळ कोणीच विचारलं नाही.

आज कॉफी चांगली, उद्या वाईट. असं का?

कारण या बातम्या बहुतेक ‘काय खाता’ विचारणाऱ्या निरीक्षणात्मक अभ्यासांवरून येतात. कॉफी पिणारे लोक कॉफी सोडून इतरही शंभर बाबतींत वेगळे असतात. दोन संशोधकांनी पाककृतींच्या पुस्तकातून पन्नास जिन्नस निवडले आणि त्यांवर कर्करोगाचा अभ्यास झाला आहे का ते शोधलं. चाळीस जिन्नसांवर सापडला. इतक्या अभ्यासांतून रोज एक मथळा निघणारच. वर्तमानपत्रांत गाजलेले १५६ वैद्यकीय अभ्यास पुढच्या एकत्रित विश्लेषणांशी ताडून पाहिले, तर निम्म्याहून थोडे कमीच टिकले. खाण्यापिण्याची एकेकटी बातमी सोडून दिलीत तरी काही बिघडणार नाही.

खोटे दावे रोखायला कायदा नाही का?

१९५४चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. कर्करोग, मधुमेह अशा ५४ विकारांवर उपचाराची जाहिरात त्याने करता येत नाही. पण तो जाहिरातीला लागतो. तोच मजकूर बातमी म्हणून छापला तर कायदा दूर राहतो, आणि पुरवणीतली कोणती ‘बातमी’ पैसे देऊन आली आहे हे वाचकाला नेहमी कळत नाही. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काही लिहिलं आहे का, ते बघायची सवय ठेवा.

बातमी वाचून चालू औषध बंद केलं तर?

करू नका. २०१३-१४मध्ये ब्रिटनमध्ये स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांच्या) दुष्परिणामांवर खूप उलटसुलट छापून आलं, आणि नंतरच्या अंदाजानुसार सहा महिन्यांत दोन लाखांवर लोकांनी गोळ्या सोडल्या. त्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलेही होते. चालू औषधाबद्दल शंका आली तर औषध घेत राहूनच डॉक्टरांना विचारायचं.

घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांनी अशी बातमी टाकली तर? उलट बोलणं बरं दिसत नाही.

ग्रुपवर बोलूच नका. संध्याकाळी फोन करा आणि विचारा, ‘काका, तुम्हाला काही त्रास होतोय का? कोणासाठी पाठवलीत?’ माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा त्या फॉरवर्डमागे कोणाचा तरी ताजा रिपोर्ट असतो. तो कळला की बातमीपेक्षा महत्त्वाचं बोलणं सुरू होतं.

मी तालुक्याचा वार्ताहर आहे. अट लिहिली तर बातमी लागेल का?

लागते. कार्डिफच्याच गटाने नंतर ब्रिटनमध्ये प्रसिद्धिपत्रकांत सावध वाक्यं घालून प्रयोग केला, तेव्हा त्यामुळे बातम्या कमी लागल्याचं दिसलं नाही. अट पहिल्या वाक्यात घाला म्हणजे डेस्कला कापता येणार नाही. ‘उंदरांवरच्या प्रयोगात’ हे शब्द वाक्याच्या तोंडी ठेवा. चाचणी भारतातली असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत ती कोणालाही फुकट पाहता येते. २००९पासून नोंदणी सक्तीची आहे. चाचणी सुरू करताना काय मोजणार म्हणाले होते आणि आता काय सांगताहेत, एवढं ताडून पाहिलंत तरी तुमची बातमी मोठ्या पेपरांपेक्षा चांगली होईल.

डॉक्टरांना कात्रण दाखवलं तर ते चिडतात. काय करावं?

काही चिडतात, खरं आहे. ओपीडीत त्यांच्याकडे पाच मिनिटं असतात आणि त्या दिवसातलं ते चौथं कात्रण असतं. तरी घेऊन जा. फक्त ‘हे औषध द्या’ म्हणू नका. ‘हे माझ्या प्रकाराला, माझ्या टप्प्याला लागू आहे का?’ असं विचारा. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग असेल तर आणखी एक प्रश्न कागदावर लिहून न्या : ‘गाठीची एमएमआर तपासणी झाली आहे का?’ डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ती यंत्रणा बिघडली आहे का, हे ही तपासणी पाहते (लसीच्या एमएमआरशी हिचा संबंध नाही). डोस्टारलिमॅबच्या त्या बारा जणांना ओळखलं होतं ते याच तपासणीने. आपल्याकडच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ती होते, आणि बायोप्सीचा जपून ठेवलेला ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) असेल तर बहुतेक वेळा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.